उलटा दोन

दारातून आत पाऊल टाकताच याएको मिनोवा थबकली आणि अख्ख्या दालनाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मिसाओ, अगं ते बघ, तुझं ढुंगण!"

मिसाओ तात्सुमीने चष्मा सावरून वर पाहिलं. समोरची सबंध भिंत एकाच फोटोने भरली होती. नऊ खेळाडू पाठमोरे उभे, कमरेतून वाकलेले, टोप्या हातात. समोर रिकामं मैदान. नवांचीही डोकी बारीक भादरलेली. पांढऱ्या सदऱ्यांच्या पाठीवर काळ्या कापडाचे आकडे, आणि त्यांतला एक, दोनाचा, उलटा शिवलेला. आरशात दिसावा तसा.

"माझं नाही ते," मिसाओ म्हणाली. "ते किमिएचं. माझं पलीकडचं, सडपातळ."

"सडपातळ म्हणे! मी दाखवलं त्याच्या वर पाठीवर एकचा आकडा आहे, आणि एक नंबर तूच."

मिसाओला हसू आलं आणि लगेच विरलं. फोटोच्या खाली काचेच्या चौकटीत कार्ड होतं. 'मैदानाला नमन करणारे शाळकरी खेळाडू, सुमारे १९५०. हीच नम्रता आमच्या बेसबॉलचा आत्मा.' आणि त्याखाली बारीक अक्षरात, 'कॅचरच्या पाठीवरचा उलटा दोन: घाईघाईत शिवणाऱ्या आईच्या मायेची खूण.'

"आई कुठली!" याएको उखडली. "तो दोन मी शिवला. स्वतःच्या हाताने. नऊ वेळा सुई बोटात घुसली माझ्या!"

मिसाओ इथे आली होती ती दुसऱ्याच एका फोटोसाठी. असा फोटो कुणी काढला होता हेच तिला माहीत नव्हतं. काढणारा तिच्या पाठीमागे होता ना! माणसाला स्वतःची पाठ कधी दिसते का? ती दाखवायला दुसराच कोणीतरी लागतो, आणि त्या दुसऱ्याने पाठ पाहून म्हटलं, हे मुलगे.

ज्या फोटोसाठी ती आली होती तो आत, उजवीकडच्या कोपऱ्यात, तळहाताएवढा. तेच मैदान, त्याच नऊजणी, पण तोंडं समोर, टोप्या डोक्यावर, छातीवर 'हात्सुशिमो' ही अक्षरं. हात्सुशिमो म्हणजे पहिलं दहिवर. तेव्हाच्या एका चेहऱ्याच्या पावडरीचं नाव, आणि ती बनवणाऱ्या कंपनीच्या बेसबॉल संघाचंही. या फोटोखाली लिहिलं होतं, 'पावडरीच्या जाहिरातीसाठी खेळाडूंच्या वेशात उभ्या केलेल्या मुली.'

संग्रहालयाच्या पुस्तिकेत छापलेल्या या एका ओळीपायी मिसाओने तीन पत्रं लिहिली होती. आम्ही वेश घातला नव्हता, आम्ही पगारी खेळाडू होतो, दोन वर्षांत एकशे बारा सामने खेळलो, ही आमची नावं. तिन्ही वेळा सुंदर कागदावर सुंदर उत्तर आलं होतं, 'आम्ही विचार करू.' त्या देशात या तीन शब्दांचा अर्थ शेंबडं पोरसुद्धा जाणतं. याचा अर्थ 'नाही.'

नवांतल्या सातजणी गेल्या. उरल्या दोघी. मिसाओ शहाऐंशीची, याएको अठ्ठ्याऐंशीची. मागच्या महिन्यात फुमिनोच्या अंत्यविधीला जाऊन आल्यावर मिसाओने याएकोला फोन केला होता, "तुझ्याकडे जुनं काही असेल ते बांधून घे. मंगळवारी जाऊ. आणि या खेपेला कार्ड बदलल्याशिवाय मी घरी यायची नाही."

म्हणून आज याएको ज्या ढकलगाडीच्या आधाराने चालायची तिच्या टोपलीत जांभळ्या फडक्यात बांधलेलं एक गाठोडं होतं.

"पुढून पाहिलं तर बाहुल्या," मिसाओ हळूच म्हणाली, "आणि मागून पाहिलं तर मुलगे. याए, आपण कुठे आहोत गं यात?"

"मी बसते," याएको म्हणाली. ढकलगाडीचं झाकण पाडून ती तिच्यावर बसली, बरोबर त्या मोठ्या फोटोच्या समोर. "आपण इथे आहोत. आता बोलाव कुणाला बोलवायचं ते."

बोलवावं लागलं नाही. गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक तरुण लगबगीने आलाच. त्याचं नाव कुरोनुमा. संग्रहालयातली सगळी कार्डं तोच लिहायचा.

"आजी, तिकडे बाकं आहेत. इथे शाळांच्या मुलांची ये-जा असते, धक्का लागेल तुम्हाला."

"आजी कुणाची?" मिसाओने विचारलं. "मी पिचर आहे, चेंडू फेकणारी. आणि ही कॅचर, झेलणारी. धक्का लागायचाच असेल तर समोरच्याला लागेल."

कुरोनुमा नम्रपणे हसला, वेड्या माणसासमोर हसावं तसं. मग तिचं नाव ऐकलं आणि त्याचं हसू आखडलं. "तात्सुमी-सान? म्हणजे पत्रं पाठवणाऱ्या..."

"तीन पत्रं पाठवणारी. चौथं मी स्वतः घेऊन आले. पायी चालणारं पत्र आहे, याला फाईल करता येणार नाही."

"तात्सुमी-सान, आमचीही अडचण समजून घ्या. तो छोटा फोटो कंपनीच्या जाहिरात खात्याकडून आला. पाकिटावर 'जाहिरात' असं लिहिलेलं. आम्हाला काही पुरावा..."

"छोटा राहू दे बाजूला. हा कुठून आला?" मिसाओने भिंतीकडे बोट केलं.

कुरोनुमाचा चेहरा उजळला. "हा तर आमचा मानाचा! कानाझावाच्या एका फोटोवाल्याच्या घरी मिळाला. नाव नाही, गाव नाही. पण काय फोटो आहे! दरवर्षी शालेय स्पर्धेच्या भित्तीपत्रकावर हाच असतो."

"आणि मुलगे आहेत हे कशावरून?"

तो गोंधळला. "म्हणजे, डोकी..."

इथे जरा थांबायला हवं. त्या देशात शाळेच्या संघातला मुलगा म्हटला की डोकं भादरलेलं, हे सूर्य उगवण्याइतकं ठरलेलं. त्या भादरलेल्या डोक्याला शब्दच मुळी 'बोझू', म्हणजे भिक्षू. बोझू दिसला आणि पाठीवर आकडा दिसला की शाळकरी खेळाडू. दुसरा विचार कुणाच्या मनालाही शिवत नाही.

"डोकी," मिसाओ म्हणाली. "ऐक मग डोक्यांची गोष्ट. कंपनीचा एक माणूस आमच्याबरोबर गावोगाव फिरायचा. त्याचा एकच हट्ट. सामन्याआधी मैदानाला नमन करताना टोप्या काढा आणि केस मोकळे सोडा. लोक त्यासाठी तिकीट काढतात, म्हणायचा. सदऱ्याला आकडा मागितला तर म्हणायचा, तुमचे चेहरे आहेत ना, आकडा कशाला? आणि कानाझावाच्या सामन्याआधी तिथल्या वर्तमानपत्राने छापलं, 'उद्या पावडरीच्या बाहुल्या येणार. बॅट जड झाली तर प्रेक्षकांनी उचलून द्यावी.'"

"माझ्या तर डोक्यात आग गेली होती," याएको म्हणाली.

"तुझ्या डोक्यात दुसरं काय असतं? आम्ही उतरलो होतो माझ्या वडिलांच्या देवळात. वडील बुद्धाच्या देवळात गात गात प्रवचन करायचे. एक कथा, एक चाल, मध्येच एक विनोद, आणि शेवटी सगळं गाव डोळे पुसतंय. मी त्यांना म्हटलं, बाबा, डोकं भादरायचं मशीन काढा, आम्ही नऊजणी आहोत. ते म्हणाले, 'कुणासाठी भादरताय ते नको सांगूस. भीती वाटत नाही ना, तेवढं सांग.'"

"मला वाटत होती," याएको म्हणाली. "पण मी मान हलवली. मशीन खाली आल्यावर मान हलवून काय उपयोग?"

"भरदुपारी ओसरीवर रांग लावून आम्ही डोकी भादरून घेतली. वडिलांचा एक फाटका काळा झगा होता, तो कापून आकडे केले आणि पाठीवर शिवले. दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीच्या माणसाने टोप्यांसकट फोटो काढवला. तो तुमचा छोटा फोटो. त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक टोपीखाली काय आहे! मग सामना. चार हजार माणसं. आम्ही रांगेत उभ्या राहिलो, टोप्या काढल्या आणि वाकलो."

मिसाओला ती शांतता पुन्हा ऐकू आली. चार हजार माणसांची, एकदम श्वास रोखल्यासारखी. डोक्याच्या कातडीला लागलेलं गार वारं. शेजारी किमिए थरथरत होती आणि तरी वाकलेलीच होती. कुणीतरी शिट्टी मारली, कुणी 'शी' म्हणालं. आणि मग वरच्या पायऱ्यांवरून कुण्या बाईने टाळ्या वाजवायला सुरुवात केली. एकटीने.

"नम्रता म्हणता तुम्ही त्याला," ती कुरोनुमाला म्हणाली. "मैदानासमोर नम्र होतोच. पण त्या दिवशी आम्ही मैदानाला पुढून नमन केलं आणि बाकी साऱ्या जगाला पाठ दाखवली. तुमच्या भिंतीवर आमचा उर्मटपणा आहे, कुरोनुमा-सान. आत्मा म्हणून त्याला टांगलंत, ते छान केलंत."

कुरोनुमा हातातल्या पेनाचं टोपण उघडत-मिटत राहिला. "गोष्ट फार चांगली आहे. पण गोष्ट म्हणजे..."

"पुरावा नव्हे," याएकोने वाक्य पुरं केलं आणि गाठोड्याची गाठ सोडली.

आतून निघाला एक सदरा. पांढरा होता कधीकाळी, आता चहासारखा. तिने तो गुडघ्यांवर पसरला. छातीवर 'हात्सुशिमो.' मग तिने तो पालथा केला. पाठीवर काळ्या कापडाचा दोन. उलटा.

कुरोनुमाने सदऱ्याकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, पुन्हा सदऱ्याकडे. मग खिशातून पांढरे हातमोजे काढून घातले आणि चक्क जमिनीवर गुडघे टेकले. दोनाच्या शेपटीपाशी तीन टाके लांब पडलेले होते. भिंतीवर ते मनगटाएवढे दिसत होते. तेच तीन.

"एका बाजूला तुमच्या बाहुल्या," मिसाओ म्हणाली, "दुसऱ्या बाजूला तुमचे मुलगे. सदरा एकच."

"आईच्या मायेची खूण," कुरोनुमा पुटपुटला. त्याचे कान लाल झाले. "ते वाक्य माझं आहे. इथे नोकरीला लागल्यावर लिहिलेलं पहिलं वाक्य. माझ्या आईला वाचून दाखवलं होतं मी."

"वाक्य वाईट नाही रे," याएको कनवाळूपणे म्हणाली. "फक्त खोटं आहे."

तो उठला, बाजूला गेला आणि संचालकांना फोन लावला. बोलताना तो फोनलाच वाकून वाकून नमन करत होता. पाच-सात मिनिटांनी परत आला तेव्हा ओशाळला होता.

"छोट्या फोटोचं कार्ड बदलायला संचालकांची हरकत नाही. आजच. तुम्ही खेळाडू होता असं लिहू, नावं लिहू."

याएकोचा चेहरा फुलला. "ऐकलंस, मिसाओ?"

"आणि हा?" मिसाओने विचारलं.

"याचं... पुढच्या आठवड्यात शालेय स्पर्धा सुरू होते. पत्रकं छापून झाली. हजारो मुलं हा फोटो बघून मैदानात उतरतात. त्यात एकदम..." त्याने मान खाली घातली. "संचालक म्हणाले, विचार करू."

मिसाओने आत उजवीकडे पाहिलं. कोपऱ्यातला तळहाताएवढा फोटो मिळत होता. तीन पत्रांत तिने तेवढंच तर मागितलं होतं. घेऊन निघालं असतं तर संध्याकाळच्या गाडीने घर, गरम पाण्याचा टब, आणि उद्या फुमिनोच्या तसबिरीपुढे उदबत्ती लावून 'झालं गं काम' असं सांगता आलं असतं.

"अगं घे ना," याएको कुजबुजली. "अर्धी भाकरी ती भाकरी. सदुसष्ट-अडुसष्ट वर्षांनी मिळतेय."

"कोपऱ्यात आपलं नाव आणि भिंतीवर आपलं धाडस दुसऱ्याच्या नावावर? याए, लाज झाकायला नाव देताहेत ते, आणि जे खरं आपलं ते ठेवून घेताहेत. मला नको."

"मग काय करणार आहेस?"

काय करणार हे मिसाओलाही ठाऊक नव्हतं. तेवढ्यात दारात गलका झाला. कुठल्याशा शाळेचा संघ आला होता, वीसेक मुलं, सगळे बोझू, दारातच टोप्या काढून आत येणारी. त्यांच्यामागे शाळेच्या गणवेशातली एक मुलगी, काखेत धावपत्रकाची वही. मुलं भिंतीसमोर आली आणि त्यांच्यातला कप्तान मोठ्याने कार्ड वाचू लागला, "मैदानाला नमन करणारे शाळकरी..."

"थांब," मिसाओ म्हणाली.

आवाज मोठा नव्हता, पण देवळातला होता. वडील म्हणायचे, गाण्यासाठी गळा लागत नाही, ज्याच्यासाठी गायचं तो समोर दिसावा लागतो. वर्षातून एकदा ते गावातल्या गेलेल्या माणसांची नावं चालीवर म्हणायचे, एकेक नाव ताणून, जणू लांबच्या शेतातून कुणाला हाक मारतायत. का, असं लहानपणी तिने विचारलं होतं. ते म्हणाले होते, 'ज्याचं नाव घेतलं तो हजर.'

मिसाओ भिंतीला पाठ करून उभी राहिली. तिच्या मागे नऊ वाकलेल्या पाठी. तिने वडिलांची चाल धरली आणि फलंदाजीच्या क्रमाने नावं पुकारू लागली.

"हात्सुशिमो संघ. पहिली, शॉर्टस्टॉप, नात्सुए ओगिवाराऽऽ"

कुणी मुलगा फिसकन हसला, शेजाऱ्याने त्याला कोपर मारलं.

"हजर!" ढकलगाडीवर बसलेली याएको ओरडली. नात्सुएला जाऊन एकोणीस वर्षं झाली होती.

"दुसरी, मधलं मैदान, सेत्सु कुराहाशीऽऽ"

"हजर!"

"तिसरी, पहिला बेस, फुमिनो आराइऽऽ"

याएकोने तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. मागच्या महिन्यातली जखम होती ती. आणि त्या मोकळ्या जागेत एक वेगळाच आवाज आला, पातळ पण खणखणीत, "हजर!"

वहीवाली मुलगी. कधी उघडली कुणास ठाऊक, वही उघडी होती आणि ती भराभर नावं उतरवत होती.

चौथ्या नावाला मुलंही मिळाली. मैदानावर नाव पुकारलं की घसा फाटेस्तो ओ द्यायची, हे त्यांच्या हाडीमाशी भिनलेलं. त्यांना ठाऊकही नव्हतं ती कुणासाठी ओ देतायत. "हजर!" काचा थरथरल्या. तिकीटखिडकीवरची बाई बाहेर येऊन बघू लागली. पाचवी, सहावी, सातवी किमिए.

"आठवी, कॅचर, याएको मिनोवाऽऽ"

याएको ढकलगाडी धरून उठली. तिच्या उजव्या हाताची तीन बोटं कधीच सरळ झाली नव्हती, कॅचरची बोटं ती. तोच वाकडा हात वर करून ती म्हणाली, "हजर. आणि तो उलटा दोन माझा!"

"नववी, पिचर, मिसाओ तात्सुमी." ही ओळ तिने गायली नाही. साधी म्हटली. "हजर."

कप्तानाने भिंतीकडे पाहिलं, मग या दोघींकडे, मग पुन्हा भिंतीकडे. त्याचा हात आपोआप आपल्या भादरलेल्या डोक्यावरून फिरला. "म्हणजे ह्या... मुली आहेत?"

"तू काय समजलास?" वहीवाली म्हणाली. "मी तुमच्यापेक्षा लांब फेकते तेव्हा तरी कळायला हवं होतं."

हशा झाला. मिसाओ मात्र हसली नाही. ती कुरोनुमाकडे वळली. "संचालकांना सांगा, विचार सावकाश करा. तोवर आम्ही दोघी इथेच आहोत. बंद करायची वेळ झाली तर दिवे मालवा, आम्हाला अंधाराचं भय नाही. उद्या येणाऱ्या शाळेला पुन्हा नावं ऐकवू, परवाच्या शाळेला पुन्हा. माझा गळा देवळात गाणाऱ्या सात पिढ्यांचा आहे."

"माझी औषधं घरी आहेत," याएको हळूच म्हणाली.

"गप्प बस."

कुरोनुमा उभाच होता. त्याची नजर कार्डावर होती, त्याच्या पहिल्या वाक्यावर. मग तो गेला आणि किल्ल्यांचा जुडगा घेऊन आला. चौकटीचं कुलूप काढलं, कार्ड बाहेर घेतलं.

"आमच्याकडे एक नियम आहे," तो घसा खाकरून म्हणाला, सगळ्यांना ऐकू जावं म्हणून जरा मोठ्याने. "एखाद्या वस्तूबद्दल विचार चालू असेल तर तो पुरा होईपर्यंत तिचं कार्ड काढून ठेवायचं. संचालक आत्ताच म्हणाले, विचार करू. म्हणजे विचार सुरू झाला."

"आणि?" मिसाओने भुवई वर केली.

"आणि रिकामी चौकट चांगली दिसत नाही. तात्पुरतं काही लिहून लावावं लागतं." त्याने एक कोरं जाड कार्ड आणि आपलं पेन पुढे केलं. "माझं अक्षर या कामाला बरं नाही. तुमचं कसं आहे?"

"हा तुमचा विचार चालतो किती दिवस?"

कुरोनुमाच्या ओठाचा एक कोपरा हलला. "वरच्या मजल्यावर एक बॅट आहे, तात्सुमी-सान. तिच्याबद्दल विचार चालू आहे. अकरा वर्षं झाली."

याएको खो खो हसत सुटली, इतकी की तिला पुन्हा बसावं लागलं.

मिसाओने याएकोच्या ढकलगाडीच्या झाकणावर कार्ड ठेवून लिहिलं. घाई केली नाही. नऊ नावं, एकाखाली एक. त्याखाली, 'कानाझावा, १९५०. या मुली आहेत. चेहरे बघायचे असतील तर आत उजवीकडे.' मग पेन क्षणभर हवेत थांबलं आणि तिने आणखी एक ओळ घातली, 'उलटा दोन: याएकोला शिवण येत नव्हतं.'

"खोड ते!" याएको म्हणाली.

"खरं आहे ते."

कुरोनुमाने कार्ड चौकटीत सरकवलं, कुलूप लावलं, दोनदा ओढून पाहिलं आणि किल्ली जुडग्यात न अडकवता शर्टाच्या आतल्या खिशात ठेवली. "छोट्याचं कार्डही आजच बदलतो," तो म्हणाला.

मुलं निघाली. दारापाशी रांग करून, टोप्या काढून ती भिंतीकडे वळली आणि कमरेतून वाकली. वहीवाली मुलगीही वाकली. मग तिने मान तिरकी करून मिसाओकडे पाहिलं. "तुम्ही नाही करत नमन?"

"मैदानाला करते," मिसाओ म्हणाली. "भिंतीला नाही."

तिने पिशवीतून टोपी काढून डोक्यावर नीट बसवली, याएकोचं गाठोडं टोपलीत ठेवलं, आणि ढकलगाडीला एक हात लावून ती याएकोबरोबर ताठ पाठीने बाहेर उन्हात गेली.